साडूंचा डावा पाय आणि लाल बूट

एकोणीसशे एकोणऐंशी साली मी छपन्न वर्षांचा होतो, आणि छपन्न वर्षांत मी बर्फ पाहिला तो फक्त सोड्याच्या गाडीवर, गोणपाटाखाली, लाकडाच्या भुशात लोळलेला. आमच्या साडूंनी मात्र तो इतका पाहिला होता की, साऱ्या सातारा-सांगलीत देवानं जेवढं ऊन पाडलं असेल त्याच्या दुप्पट बर्फ त्यांच्या एकट्याच्या डोक्यात साठलेला होता. आणि ऐन वैशाखातसुद्धा तो वितळायचं नाव घेत नव्हता.

साडू म्हणजे माझ्या घरचीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. नात्यानं साडू थोरले आणि वयानं मी थोरला, त्यामुळं पाया कोणी कोणाच्या पडायचं हा तंटा आमच्यात लग्नापासून होता. एका दसऱ्याला सोनं देताना दोघांनाही एकदमच शहाणपण सुचलं, दोघंही एकदमच वाकलो आणि टाळक्यावर टाळकं असं आपटलं की आपट्याची पानं अंगणभर उडाली. त्यानंतर तो विषय आम्ही तहकूब ठेवला. माझी जमीन इस्लामपूरच्या अंगाला, सगळा ऊस. त्यांचं गाव साताऱ्याला लागून, डोंगराच्या कुशीत. मी चौथीतून शाळा सोडली, ते दुसरीतून, पण ते पलटणीत जाऊन हिंदी शिकून आले आणि तेवढ्यावर मला अडाणी समजायचे. मीही कोणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही. आमचं पटायचं ते त्यामुळंच.

बर्फात त्यांची हयात गेलेली. हवालदार होऊन पेन्शनीत आले तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं, करंगळी आणि तिची शेजारीण, तिकडंच राहिली होती. भावकीत कोणी विचारलं, "बोटं कुटं गेली वो हवालदार?" की म्हणायचे, "हिमालयात वतनाला ठेवल्यात." त्या दोन बोटांचा परिणाम असा की वहाण डावीकडं तरंगायची आणि साडू चालता चालता हळूहळू डाव्या अंगाला सरकत जायचे. रस्ता सरळ असला तरी साडू तिरके. त्यांच्याबरोबर चालायचं तर माणसानं त्यांच्या डाव्या बाजूलाच चालावं लागे आणि मधूनमधून खांद्यानं त्यांना परत रस्त्यावर आणावं लागे. मी ते काम इतकी वर्षं केलं की माझा उजवा खांदा उसाच्या बांधासारखा घट्ट झाला. ते मात्र म्हणायचे, "साडू, तुमी लय अंगावर येता चालताना."

कुठंही पाय टाकायच्या आधी काठीनं ठोकून बघायची त्यांची खोड होती. बर्फावर म्हणे वरून सपाट दिसतं आणि खाली विहिरीएवढी भेग असते. कबूल. पण माणसानं देवळाच्या फरशीवर काठी ठोकू नये. ते ठोकायचे. सोयऱ्यांच्या ओसरीवर, एसटीच्या पायरीवर, तालमीच्या मातीवर, सगळीकडं आधी काठी आणि मग साडू. आमच्या पुतणीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात जाजम ठोकत ठोकत जाऊन बैठकीच्या फळ्यांच्या चौथऱ्यावर काठी मारली आणि मोठ्यानं सांगितलं, "हितं पोकळ हाय." वऱ्हाड हसलं. नवऱ्या मुलाचे मामा, भारदस्त गृहस्थ, मिशीला पीळ देऊन म्हणाले, "हवालदारसाहेब, हे लग्न हाय, लढाई न्हाई," आणि ऐटीत लोडाला टेकले. फळी मोडली. मामा कमरेपर्यंत जाजमात गेले. साडूंनी शांतपणे काठी पुढं केली आणि म्हणाले, "धरा. हलू नका. जेवढं हलशिला तेवढं खाली जाशिला."

थंडीत अंगात नुसता सदरा आणि उन्हाळ्यात डोक्याला लोकरीची टोपी. का, तर लोकर ऊब धरते तसं ऊनही अडवते. चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यायचे, चैत्रातसुद्धा, डोळे मिटून, जसा काही बाहेर वारा घोंगावतो आहे. पांढरं काही दिसलं की त्यांची तंद्री लागायची. गुऱ्हाळात काहिलीवर मळीचा फेस आला की त्यांचं बघत बसणं सुरू व्हायचं. मार्गशीर्षात ऊस तुऱ्यावर आला की साडू मुद्दाम आमच्याकडं यायचे. तिन्हीसांजेला बांधावर बसायचे, आणि मैलभर पसरलेले ते रुपेरी तुरे वाऱ्यानं एका बाजूला झुकले की म्हणायचे, "बघा साडू. ह्ये असंच असतं. निस्तं पांढरं. आवाज न्हाई, वास न्हाई. मानूस आपुनच हाय का न्हाई ह्येची खात्री वाटंना व्हती." मला बर्फ ठाऊक नव्हता, पण त्यांच्या शेजारी बसून बसून माझा माझा एक तयार झाला होता. उसाच्या तुऱ्यांचा. आजही बर्फ म्हटलं की मला तुरेच दिसतात आणि त्याला गुळाचा वास येतो.

पण त्यांची सगळ्यांत चमत्कारिक सवय म्हणजे नमस्काराला ते एकच पाय पुढं करायचे. उजवा. डावा मागं, धोतराच्या सोग्याआड. माझी नवी सून पाया पडायला वाकली तेव्हा डोक्यावरचा पदर सांभाळत ती बिचारी दुसरा पाय जमिनीवर चाचपत राहिली. साडू वरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, एकच हाय आज. दुसरा ड्यूटीवर हाय." सगळे हसले. आक्का हसली नाही. पाडव्याला ओवाळून झालं की तीही त्या एकाच पायावर डोकं टेकायची. तो डावा पाय बर्फातून आल्यापासून त्यांनी तिला हातात घेऊ दिला नव्हता. तेल लावायचं ते स्वतः, दार ओढून घेऊन. हे मला माझ्या घरचीनं सांगितलं. सांगताना तिनं इकडंतिकडं पाहिलं होतं.

तर त्या एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात साडूंच्या गावचा एक जवान रजेवर आला आणि येताना एक पोतं घेऊन आला. साडूंचे जुने साहेब हिमाचलात कुठंशी डोंगर चढायला शिकवायचं शिबिर चालवत होते. त्यांनी निरोप धाडला होता की, हवालदार, दोराचं काम तुझ्यासारखं कोणाला जमत नाही, मोसमाला ये. शिबिर तुझ्या त्या खिंडीच्या पायथ्याशीच आहे. कोणी परदेशी मंडळी नव्या तऱ्हेचे बूट मागं ठेवून गेली आहेत, एक जोड पाठवतो, पायाला बसतो का बघ. बसला तर घेऊन ये, नाही तर ह्याच जवानाबरोबर परत पाठव.

पोत्यातून बूट निघाले ते लालभडक प्लॅस्टिकचे. मी त्या दिवशी त्यांच्याकडंच होतो. मी एक बूट उचलला, वाजवून बघितला. बादलीसारखा वाजला. आत हात घातला तर आत आणखी एक बूट, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा मऊ, ऊबदार, नाड्यांचा. नारळच म्हणा की. वर करवंटी, आत खोबरं.

"साडू," मी म्हटलं, "ह्येच्यात कापडं भिजवायला घाला. पाय घालू नका."

"का?"

"मानसाचा पाय जित्राबाच्या कातड्यातच सुखी ऱ्हातो. पिढ्यान् पिढ्या ऱ्हाईलाय. प्लॅस्टिक म्हंजे बादली, पन्हाळं, आन् जत्रंतली खेळणी."

बोटं गेल्यावर पलटणीनं साडूंना दिलेले जुने चामडी बूट भिंतीला टांगलेले होते. काळे, जड, पण दर अमावास्येला तेल पिऊन पिऊन म्हशीच्या कातडीसारखे तुकतुकीत. मी त्यांच्याकडं बोट केलं. साडूंनी ते बूट बघितले, लाल बूट बघितले, आणि मग इतक्या वर्षांत जे कधी नीट सांगितलं नव्हतं ते चहाचा पेला दोन्ही हातांत धरून सांगितलं.

"आवं, चामड्यानंच घात केला माजा. खिंडीच्या खाली वढा व्हता, त्येच्यात पाय गेला. चामडं पानी प्यालं. वर गेलो तसं पान्याचं बरफ झालं. बूट निघंना. सुरीनं कापला, तवा कळलं आत काय झालंय त्ये. बाकीची सगळी खिंड वलांडून पल्याड गेली. मला दोरावनं खाली आणलं. खिंड वर दिसत व्हती, साडू. हितनं यवतेश्वराचा डोंगर दिसतोय तेवढी जवळ. पल्याड काय हाय त्ये म्या बघितलं न्हाई."

आतून आक्काचा आवाज आला, "पल्याड काय असायचं? दगूडच असंल!" आणि मग ती दारात येऊन उभी राहिली. अंगानं किरकोळ बाई, पण तिच्या आवाजाला गावचा पोलीस पाटील वचकून असायचा. "दोन बोटं दिऊन आलासा. आता काय पाय दिऊन येताय? डाक्तर काय म्हनला हुता? म्हनला हुता, परत गारठला तर पायच जाईल. का न्हाई? सांगा पाव्हण्यास्नी."

"म्हनला हुता," साडू पेल्यात बघत म्हणाले.

म्हणजे प्रश्न असा होता. जायचं तर जुन्या चामड्यात जाता येत नव्हतं आणि नव्या प्लॅस्टिकवर कोणाचा भरवसा नव्हता. जवानाची रजा संपायच्या आत काय ते ठरवायचं होतं. साडू पन्नाशीला आले होते. असा निरोप पुन्हा येणार नव्हता.

साडूंनी बुटांची पारख सुरू केली ती आपल्याकडं नवी वहाण पारखतात तशी. त्यांनी त्यांना एरंडेल पाजलं. आत, बाहेर, नमद्याला, सगळीकडं. मग मऊ पडावेत म्हणून कौलांवर उन्हात ठेवले. आता चामडं तेल पितं. प्लॅस्टिक कशाला पितंय? सगळं तेल त्या आतल्या बुटानं ओढून घेतलं. पाय घातला की पचक् असा आवाज यायचा आणि बोटांच्या फटीतून तेल वर यायचं. आक्कानं तो आतला बूट शिकेकाईनं धुतला, राखेनं घासला, दोरीवर वाळत घातला, तरी त्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही. मी मनात म्हटलं, एक डाव चामड्याचा झाला.

दुसरा डाव अजिंक्यताऱ्यावर. ऐन उन्हात साडूंनी लाल बूट घालून किल्ला चढायचा ठरवला, मी साक्षीला. पेठेतून जाताना ठॉक ठॉक असा आवाज उठला की दुकानदार गल्ला सोडून बाहेर आले. घोटा तसूभर वाकत नव्हता. साडू लाकडी बाहुल्यासारखे कमरेतून पाय फेकत चालले होते. कुत्री मागं लागली, पण जवळ येईनात. त्यांनाही हे जित्राब कोणतं ते कळेना. एक म्हातारी कपाळावर हात धरून म्हणाली, "बया, ह्येच्या पायास्नी काय झालं रं?" साडू थांबून अदबीनं म्हणाले, "काय न्हाई मावशी. हवामान बदलायला चाललोय." चढताना एक वेळ चाललं. उतरताना नडगीवर बुटाची कड अशी बसायला लागली की साडू वळले आणि उलटे उतरायला लागले, तोंड किल्ल्याकडं आणि पाठ साताऱ्याकडं. मी डावीकडून हाताला धरलेलं. खाली आल्यावर त्यांनी आतला बूट काढून पिळला. पाणी आणि एरंडेल. पाय उकडलेल्या रताळ्यासारखा झाला होता.

"बोला," मी म्हटलं. "चामडं का प्लॅस्टिक?"

"चालायला चामडं," ते कबूल झाले. मला बरं वाटलं. मग नडगी चोळत म्हणाले, "पर साडू, म्या चालायला चाललोय व्हय?"

पण मी माघार घेणारा माणूस नाही, मी म्हटलं, "बर्फावर कोन बगायला गेलंय? हितं बरफ हाय कुटं?"

तेव्हा आक्का बोलली. आम्हाला वाटलं होतं ती दळते आहे. "हाय की," ती म्हणाली. "सांगलीला बरफाचा कारखाना हाय. आमच्या जावंच्या लग्नात लाद्या आणल्या हुत्या. तितं न्या ह्यास्नी. बरफात हुबं करा. येका पायात त्यो लाल डबा आन् येका पायात त्यो काळा. सकाळपस्नं जेवनापतोर. मग पाय म्या हातानं बगीन. हाताला ऊन लागला तर जावा, न्हाई तर ह्ये लाल बूट आल्या वाटंनं परत जात्याल आन् पुन्यांदा हिमालयाचं नाव ह्या घरात काडायचं न्हाई."

साडूंचा चेहरा असा झाला की जसं काही सरकारनंच हुकूम दिला. ते उठून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मंजूर."

सांगलीच्या त्या कारखान्यात आमच्याच गावचा एक जण मिस्त्री होता. त्याला वाटलं लग्नाच्या लाद्या न्यायला आलोय. मी सांगितलं, "न्यायच्या न्हाईत रं. ह्यास्नी त्येच्यावर हुबं ऱ्हायाचंय." त्यानं साडूंच्या पायांकडं पाहिलं, एक लाल, एक काळा. आक्काकडं पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "आण्णा, डोक्यावर बरफ ठेवत्यात, पायाखाली न्हाई." पण गावची ओळख. त्यानं आत नेलं.

बाहेर उन्हानं डांबर चिकट झालेलं आणि आत पत्र्याखाली पांढरी वाफ. भिंतीला लाद्यांची रास, भुशात निम्म्या बुडालेल्या. लाकडी फळीवर दोन लाद्या टाकून मिस्त्रीनं वर बर्फाचा चुरा ओतला. साडू त्यात नडगीभर बुडून उभे राहिले. डावा पाय लाल प्लॅस्टिकमध्ये, उजवा पाय काळ्या चामड्यात. डोक्याला लोकरीची टोपी, हातात काठी. आक्का समोर भुशाच्या पोत्यावर बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून. मी मध्ये. हमाल येत-जात होते, लादी खांद्यावर घेतलेली, आणि जाता जाता विचारत होते.

"काय नवस हाय का?"

"व्हय," आक्का म्हणायची.

"कंच्या देवाचा?"

"ह्येंच्या."

हळूहळू सगळ्यांचं बोलणं कमी झालं. त्या वाफेत माणसं अंधूक दिसायची, पांढरी, कापसाची केल्यासारखी. लाद्यांच्या आत बुडबुड्यांच्या रेघा होत्या, पांढऱ्या, वर जाता जाता थांबलेल्या. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. माझं नाक, कान आपले राहिले नाहीत. साडूंकडं पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर, काय सांगू, दमलेला बैल ओढ्यात उतरल्यावर दिसतो तशी शांतता. मला उगाच वाटलं, हे आत्ता इथं नाहीतच. नुसती टोपी आहे.

निम्म्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पिशवीतून लोखंडी काट्यांच्या चौकटी काढल्या, बर्फ चढायला बुटाखाली बांधतात त्या. मी म्हटलं, "आता ह्ये काय?" ते म्हणाले, "निस्तं हुबं ऱ्हायला सायबानं बोलावलंय व्हय?" काळ्या बुटावर पट्टा आवळला तसं चामडं दबलं, त्यांनी ओठ चावला. लाल बुटावर आवळला, तो दगडासारखा राहिला. आणि मग साडूंनी समोरच्या रचलेल्या लाद्यांत डावा पाय हाणला. खच्चदिशी काटे रुतले. पाय हलला नाही. तो पाय, जो साध्या डांबरी रस्त्यावर कधी सरळ पडला नाही, तो उभ्या बर्फात खिळ्यासारखा बसला. उजवा हाणला. परत डावा. मिस्त्री ओरडला, "आवं, गिऱ्हाइकाचा माल हाय त्यो!" तोवर साडू राशीवर पोचले होते. पत्र्याला टोपी लागत होती. वर उभं राहून त्यांनी पलीकडं बघितलं. पलीकडं कारखान्याची मागची भिंत होती, आणि एक झरोका, आणि त्यातून येणारा उन्हाचा पट्टा वाफेत तरंगत होता. ते कितीतरी वेळ बघत राहिले. 

मग आक्का म्हणाली, अगदी हळू, "या आता खाली. बगू."

बाहेर पायरीवर बसवून तिनं आधी उजवा बूट उतरवला. पाय हातात घेतला आणि चटकन सोडून दिला. "मड्यागत गार हाय!" माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जसं काही चामडं मीच शोधून काढलं. मग म्हणाली, "दुसरा आणा हिकडं."

साडूंनी डावा पाय मागं घेतला. "म्या बगतो की. ऊन हाय, खरंच ऊन हाय."

"म्या बगनार म्हनलं हुतं."

"अगं, त्यो..." ते हसायला गेले, "त्यो ड्यूटीवर हाय."

"ड्यूटी संपली," आक्का म्हणाली. "आणा."

हमाल लाद्या घेऊन जात होते. साडूंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मी रस्त्यावरच्या सायकलींकडं पाहायला लागलो. पण कानाला काय करणार? लाल करवंटी निघाल्याचा आवाज आला. आतल्या नमद्याच्या नाड्या सुटल्याचा आला. एरंडेलाचा वास आला. मग काहीच आलं नाही. मी वळलो तेव्हा आक्कानं तो पाय मांडीवर घेतला होता, दोन्ही तळव्यांत धरून, साडू चहाचा पेला धरतात अगदी तसा. जिथं बोटं नव्हती तिथं तिचा अंगठा होता. साडू वर पत्र्याकडं बघत होते.

"ऊन हाय का गं?" त्यांनी विचारलं.

"हाय," ती म्हणाली. "भाकरीगत हाय." आणि पाय काही सोडला नाही. मिस्त्रीनं येऊन खाकरलं तेव्हाच सोडला.

जवानाची रजा संपली तेव्हा मिरजेच्या स्टेशनावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. गाडी मिरजेहूनच सुटायची आणि तिथं बसायला जागा मिळायची, म्हणून साडू आदल्या दिवशीच सामान घेऊन माझ्याकडं मुक्कामाला आले होते. पाठीला पिट्टू म्हणतात ती पलटणीची पिशवी, डोक्याला टोपी, आणि एवढ्या उकाड्यात पायांत लाल बूट. पिशवीत मावत नाहीत म्हणाले, पण ते खरं नव्हतं. फलाटावर चढताना त्यांनी आधी काठी ठोकली. गाडी लागल्यावर आक्का वाकली. साडूंनी दोन्ही पाय जोडून पुढं केले, शेजारी शेजारी, सलामीला उभं राहिल्यासारखे. तिनं दोन्हीवर डोकं टेकलं. माझ्या घरचीनं हळूच पदर डोळ्याला लावला आणि मला म्हणाली, कोळसा गेला डोळ्यात. गेला असेल.

शिटी झाली तसं साडू दारातून ओरडले, "साडू! काळं बूट तुमच्या पडवीत ठेवल्यात. चामडं तुमचं!"

"मग! चालायला चामडंच!" मी ओरडलो.

ते त्या वर्षी पावसाच्या तोंडाला परत आले. दोन्ही पायांनी आले, उरलेल्या सगळ्या बोटांसकट, तोंड काहिलीच्या बुडासारखं काळं झालेलं. मी बांधावर बसवून विचारलं, काय होतं खिंडीपल्याड? काठीनं बांध ठोकत म्हणाले, "आनखीन येक खिंड." पुढंही काही उन्हाळे ते जात राहिले. आता ते अशा खिंडीपल्याड गेलेत जिथून काही सांगायला परत येता येत नाही, आणि ऊस तुऱ्यावर आला की बांधावर मी एकटाच बसतो. पण त्यांची आठवण झाली की मला तो बर्फाचा कारखाना आठवत नाही, स्टेशनही नाही. आठवते ती ते पहिल्यांदा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

त्या दिवशी आमच्या पाण्याची पाळी होती. उजाडताना उठलो, पडवीत ते काळे बूट ठेवलेले, नाड्या आत खोचून, शिस्तीत. एरवी मी उसात अनवाणी जाणारा माणूस. पण घातले. उजवा बसला. डावा बसेना. हात घालून बघितलं तर पुढं, करंगळीच्या जागी, चिंधीची गुंडाळी कोंबलेली होती, इतक्या वर्षांत दगडासारखी घट्ट झालेली. माझी बोटं सगळी शाबूत, त्यांना जागा पाहिजे होती. ती गुंडाळी उपसून काढायला कितीसा वेळ लागला असता? मी ती तशीच राहू दिली. दोन बोटं मुडपून आत घेतली, नाडी बांधली आणि खोरं घेऊन निघालो. बांधावरून जाताना पाय आपोआप डाव्या अंगाला सरकत होते. त्या बाजूला खांदा लावायला कोणी नव्हतं, म्हणून दोनदा उसात गेलो. दोन्ही वेळा खोऱ्याचा दांडा ठोकून बघत वर आलो, आणि पाटाचं दार उघडून उसाला पाणी सोडलं.